दगडूचं गोणपाट

बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वाळायला दोरीवर टाकायची. हे काम दगडूइतकं झरझर वरळीच्या कोळीवाड्यात दुसऱ्या कुठल्या पोरानं केलं नसेल. परकर कमरेला खोचलेला, वेणी पाठीवर उड्या मारतेय, नाकातली बारीक नथनी उन्हात लुकलुकतेय, आणि हात असे चाललेत की बघणाऱ्याला वाटावं, पोर नाचतंच आहे. त्या दिवशी मात्र बोंबलांनी भरलेली पाटी तशीच राहिली. दगडू सावलीला पाय पसरून बसला होता. रखमानं दोनदा हाक मारली, तर वर न बघताच म्हणाला,

"मी नाय करनार. बायकांचं काम हाय ते."

रखमाचा हात दोरीवरच थांबला. सात वर्षं या पोराला तिनं कमरेवर, खांद्यावर, मग पदराला धरून वागवलं होतं. असलं बोलणं त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं. उंबऱ्यात तिची सासू काशीबाई विळीवर मांदेली साफ करत होती. तिनं विळी थांबवली नाही, नुसतं विचारलं, "कोन बोललं रे तुला?"

"शालेत बोल्तात."

"असं का. मंग रातचं जेवन बी बायकांचंच काम हाय. ते जेवू नको."

दगडूला हसू आलं नाही. एरवी आजीच्या बोलण्यावर तो लोळून हसायचा. रखमानं ते पाहिलं, आणि उरलेले बोंबील तिनं एकटीनंच टाकले.

दगडूच्या आधी तिला झालेली पोरं राहिली नव्हती. एक पाचवी पुजायच्या आतच गेलं, एक रांगायला लागलं तेव्हा तापात गेलं, एकानं तर डोळेही धड उघडले नाहीत. मग हा झाला. काशीबाईनं त्याला सुपात घातला, दगडू असं नाव ठेवलं, म्हणजे कुणाला हेवा वाटू नये, आणि देवीपुढं नेऊन त्याचं नाक टोचलं. मुलगा नाहीच, मुलगी आहे, आणि तीही दगडासारखी, असं त्या न्यायला येणाऱ्याला वाटावं. देवी सांगेल तोवर नथनी काढायची नाही, केस कापायचे नाहीत, अंगाला परकरच घालायचा, असा नवस होता. कोळीवाड्यात अशी पोरं आधीही होऊन गेली होती. कुणी त्यात विशेष काही बघत नसे.

दगडूही बघत नसे. सकाळी आयशीबरोबर टोपलीमागून प्रभादेवीपर्यंत जायचा. रखमा गल्लीच्या तोंडाशी उभी राहून "म्हावरं घ्या गो, म्हावरं" अशी आरोळी द्यायची, आणि मागून हा बारक्या, धारदार आवाजात "ताजं, ताजं, ताजं" म्हणायचा. त्या तीन शब्दांसाठी घराघरांतल्या बाया दारात यायच्या. दुपारी बापाजवळ, दौलतजवळ बसून लाकडी सुईनं जाळ्याची भोकं सांधायचा. संध्याकाळी शेजारच्या मालनशी सागरगोटे, नाहीतर पोरांबरोबर वाळूत विटीदांडू. आपण कोण, असा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. तो दगडू होता.

मग देवळामागच्या पडवीत शाळा भरायला लागली.

शाळेचा हट्ट दौलतचा. चार अक्षरं शिकला तर कुणी फसवणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. प्रत्येक पोरानं बसायला आपापलं गोणपाट आणायचं. मुलगे भिंतीच्या अंगाला, मुली दाराच्या अंगाला. शिकवायला माहीमहून अण्णा मास्तर चालत यायचे. माणूस वाईट नव्हता. सारस्वत, पगडी कडक, आवाज त्याहून कडक. पहिल्या दिवशी त्यांनी परकर पाहिला आणि दगडूला दाराच्या अंगाला बसवलं. मग नावं पुकारली. दगडू दौलत म्हटल्यावर मुलींतून ओ आली, आणि सगळी शाळा फुटेस्तोवर हसली. मास्तरांनी त्याला उचलून भिंतीकडं बसवलं. मास्तरांची पाठ वळली तशी तिकडच्या पोरांनी त्याचं गोणपाट पायानं परत दाराकडं सरकवलं. तेव्हापासून ते गोणपाट या भिंतीवरून त्या भिंतीला जायचं, यायचं. त्याच्या मागून दगडू.

आणि शिकवणंही निराळं. मुलांना पावकी-निमकीचे पाढे, बेरीज, वजाबाकी. मुलींना एक धडा आणि मग सुई-दोरा, टाके घालणं. मालननं एकदा विचारलं, मना हिशेब शिकवा, तर मास्तर म्हणाले, मुलीच्या जातीला काय करायचाय हिशेब. दगडूनं हे घरी सांगितलं तेव्हा काशीबाई बराच वेळ हसत राहिली. कोळीवाड्यात सुई पुरुषांच्या हातात. सगळा किनारा दुपारभर जाळी सांधत बसलेला. आणि टोपली, गिऱ्हाईक, कनवटीचा पैसा, सगळा बायांकडं. दौलतला तंबाखूलासुद्धा आईपुढं हात पसरावा लागायचा. "मास्तरला उलटा चष्मा लावून दिलाय कुनी," असं म्हणून म्हातारी परत हसली.

पण पोरांना हसू येत नव्हतं. ती शिकत होती. घरी बापाच्या हातात सुई रोज दिसायची, तरी शाळेत सुई धरली म्हणून ती दगडूला चिडवायची. मधल्या सुट्टीत विटीदांडूच्या डावात त्याला घेईनात. सागरगोटे खेळायला गेला तर मुली मास्तरांच्या भीतीनं उठून जात. तो खांबाला टेकून दोन्ही डाव बघत उभा राहायचा.

रखमाची रोजची वाट त्या पडवीवरूनच जात होती. ती जाताना आरोळी द्यायची आणि आतून, धडा चालू असला तरी, "ताजं, ताजं, ताजं" ऐकू यायचं. मास्तर छडी आपटायचे, पण ते यायचंच. एक दिवस ते आलं नाही. रखमाला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिनं परत आरोळी दिली. आत पोरं फिसफिसली. पडवीच्या कठड्यातून तिला दगडूचा माथा दिसला, पाटीवर वाकलेला, कान लाल. ती पुढं गेली. त्या दिवशी प्रभादेवीपर्यंत तिनं आरोळी दिलीच नाही, आणि माल अर्धा परत आला.

पाठोपाठ मास्तरांचं बोलावणं आलं. रखमा टोपली बाहेर ठेवून पडवीच्या खालच्या पायरीशी उभी राहिली. मास्तर शांतपणे बोलत होते. वरून तपासणीला साहेब यायचे आहेत. असं अर्धवट पोर त्यांना कुठल्या रांगेत दाखवू? हा महिना संपायच्या आत नाक मोकळं करा, शेंडी ठेवून डोकं करा, धोतर नाहीतर लंगोटी नेसवा. मग खुशाल येऊ दे.

"नवस हाय, मास्तर. देवीनं सांगितल्याबिगर काढता येत नाय."

"हे बघ बाई, मुलग्यानं मुलग्यासारखं राहायला नको का? बायकांत बसून बायकांसारखाच होईल तो."

रखमाला त्यांच्या कानातली भिकबाळी दिसत होती. मोत्यांची, छान. ती म्हणाली, तुमच्या कानातलं कुणी काढा म्हणत नाही. त्यावर मास्तर म्हणाले, ते वेगळं. कसं वेगळं, ते सांगायच्या भानगडीत ते पडले नाहीत, आणि पोरांना पाढे म्हणायला लावून आत गेले.

घरी दौलत म्हणाला, काढून टाकू. त्यालाही होडीवरचे खलाशी बोलत असावेत, तो सांगत नव्हता एवढंच. काशीबाई म्हणाली, देवीला विचारा. रखमाच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. ती गेलेली तीन पोरं तिला रोज दिसायची, झोळीत, सुपात, तिच्या स्वतःच्या मांडीवर. नथनी आहे तोवर दगडू आहे, हे तिला श्वासासारखं ठाऊक होतं. देवी काढ म्हणणार नाही, याची तिला इतकी खात्री होती की कौल लावायला ती सगळ्यांत पुढं चालली.

देवळात भगत कुशाबानं दगडाच्या मूर्तीवर दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर काढा, डावी पडली तर ठेवा. गाऱ्हाणं घालून तो गप्प उभा राहिला. समुद्राचा आवाज तेवढा येत होता. रखमा डाव्या पाकळीकडं बघत होती, पापणी न हलवता, जणू बघण्यानं ती पडणार होती.

उजवी पडली.

दौलतनं हात जोडले. काशीबाईनं पोराची दृष्ट काढली. नवस फिटला, पोर जगलं, देवीनं मोकळं केलं. कुशाबा तर तिथंच नाभिकाला निरोप धाडायला निघाला. रखमानं स्वतःला सावरलं. देवीनंच सांगितल्यावर भ्यायचं कशाला? ती दगडूसमोर उकिडवी बसली आणि नथनीला हात लावला.

दगडू मागं सरला. "नको, आये."

"आता भिऊ नको. देवीनं सांगितलं."

"मी नाय भेत. मना नाय काढायची."

दौलतनं विचारलं, का रे, शाळेत तर त्याचाच त्रास होतोय ना? दगडूनं हातानं नाक झाकलं. मग शाळेतलं पाठ म्हणावं तसं म्हणाला,

"काढली तर मालनसंगं खेलू देनार नाय. ठेवली तर विटीदांडू खेलू देनार नाय. मना दोनी खेलायचं हाय. आनि ती माजी हाय."

सगळे हसले. पोरपणा आहे, म्हणाले. दौलतनं त्याचा दंड धरला. रखमा उठली ती मध्येच उभी राहिली, नवरा आणि पोर यांच्यामध्ये. आजवर मास्तरांपुढं तिला नवसाची ढाल होती. आता देवीनं ती ढालच काढून घेतली होती. उरलं होतं फक्त पोराचं म्हणणं. तेवढ्यावर उभं राहायचं म्हणजे नवऱ्याविरुद्ध, भगताविरुद्ध, आणि कोण जाणे, देवीविरुद्धही. एवढं करून याला काही झालं तर सगळं गाव तिच्याच नावानं बोट दाखवणार होतं, आणि गावाच्या आधी ती स्वतः.

ती मूर्तीकडं वळली आणि देवीशीच बोलली, शेजारणीशी बोलावं तसं. "तू मोकलं केलंस ना. मंग आता बांधलेलं काय नाय. ठेवायला बी नाय नि काढायला बी नाय. पोराचं नाक पोराचं."

तिनं दगडूला कडेवर घेतलं. पोर आता जड झालं होतं, पाय तिच्या गुडघ्याखाली लोंबत होते, तरी घेतलं. आणि ती देवळाच्या पायऱ्या उतरली.

दौलत घरी तिच्याशी बोलला नाही. काशीबाईही नाही. सकाळी रखमानं दगडूची वेणी घातली, परकर नेसवला आणि गोणपाट त्याच्या हातात दिलं. दुपार व्हायच्या आत तो परत आला. गोणपाट काखेत, डोळे कोरडे. मास्तरांनी पायरीवरूनच परत धाडला होता. मागं पोरं ओरडत आली होती.

काशीबाई विळीवर बसली होती. तिनं विचारलं, "काय वरडत व्हती?"

"बायल्या."

"म्हंजी काय?"

"बायकांसारका."

म्हातारीनं हातातला मासा खाली ठेवला. वैधव्य आलं तेव्हा दौलत तिच्या पोटात होता. सात महिन्यांचं पोट घेऊन ती टोपली डोक्यावर मिरवत परळच्या गिरण्यांपर्यंत गेली होती. गहाण पडलेली होडी सोडवली, घर शाकारलं, पोर वाढवलं, त्याचं लगीन केलं. त्या सगळ्याला ती कधी काही म्हणत नसे.

"म्हंजी माज्यासारका," ती म्हणाली. "आनि माज्यासारका म्हंजी शिवी."

विळी आडवी करून ती उठली, हात धुतले, लुगडं नीट खोचलं आणि घराबाहेर पडली. रखमाला वाटलं मास्तरांकडं चालली. पण ती बाजूच्या घरात शिरली. मग त्याच्या बाजूच्या. मग किनाऱ्यावर, जिथं बाया माल वाटून घेत होत्या. काय बोलली ते रखमाला तिन्हीसांजेला मालनच्या आईकडून कळलं. नथनीचं नावसुद्धा तिनं काढलं नव्हतं. एवढंच विचारत फिरली होती, की आपल्या पोरांना शाळेत आपलं नाव शिवी म्हणून शिकवतात, हे तुला ठाऊक हाय का? बायकांचे चेहरे तिथल्या तिथं फिरले म्हणे. कोळणींना दुसरं काहीही बोला, त्या तुम्हाला त्याच्या दुप्पट परत देतील आणि विसरतील. हे त्यांनी परत दिलं नाही, मनात ठेवून घेतलं.

माहीमला मास्तरांच्या गल्लीत रोज बारा टोपल्या फिरायच्या. त्यातली एकही मास्तरांच्या दाराला लागेना.

मास्तरांचं घर सारस्वताचं. सोमवार आणि एकादशी सोडली तर माशाशिवाय घास उतरायचा नाही. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून हाका मारायच्या. कोळणी टोपली डोक्यावर तशीच ठेवून गोड आवाजात सांगायच्या, संपलं हो बाय. टोपलीतून सरंग्याची शेपटी बाहेर आलेली असायची, आणि शेजारच्या दाराला तीच टोपली उतरायची. मास्तरीणबाईंनी गडी बाजारात धाडला, तर बाजारात बसणाऱ्याही त्याच कोळणींच्या बहिणी, मावश्या, नणंदा. गडी रिकामी पिशवी हलवत यायचा. घरात वरण, भात, वरण, भात. मास्तर पोरांना पाढे विचारताना मध्येच किनाऱ्याकडं बघत थांबू लागले, असं मालननं सांगितलं.

दगडू त्या दिवसांत घरीच होता. तो परत बोंबील टाकू लागला होता, पण हात पूर्वीसारखे चालत नव्हते. दौलत त्याच्या शेजारी येऊन जाळं घेऊन बसायचा. एकदा त्यानं नुसती सुई पुढं केली. दगडूनं घेतली. दोघं एकाच भोकाची दोन टोकं सांधत राहिले. रखमानं आतून ते पाहिलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

शेवटी मास्तरीणबाई स्वतः आल्या. वाळूत जोडा रुतत होता, नऊवारीचा काठ ओला झालेला. त्यांनी बसायला घातलेल्या पाटाकडं पाहिलं आणि बसल्या. शाळेबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पोर गोड आहे म्हणाल्या, वेणी छान घातली म्हणाल्या. मग म्हणाल्या की आमच्या थोरल्या दिराचंही लहानपणी नाक टोचलेलं होतं, अजून भोक आहे. आणि उठताना सांगितलं,

"उद्या धाडा त्याला. घरात मी बोलले आहे."

काशीबाईनं त्यांना दोन सरंगे केळीच्या पानात बांधून दिले. पैसे घेतले, पुरे घेतले.

दुसऱ्या दिवशी दगडू शाळेत गेला. तो गोणपाट घेऊन दारात उभा राहिला आणि त्यांच्याकडं बघू लागला, कुठल्या अंगाला म्हणून. मास्तर पाटी पुसत राहिले. बघून बघून दगडू कंटाळला. मग त्यानं गोणपाट पडवीच्या मधोमध टाकलं, जिथून पावसाचं पाणी वाहून जायची चर होती, आणि तिथं बसला. पोरं फिसफिसली. मास्तर म्हणाले, "पावकी म्हण." त्यानं म्हटली. मग दाराच्या अंगानं मालनही हळू आवाजात म्हणू लागली. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, समुद्राकडं पाहिलं, आणि पुढचा आकडा सांगितला.

सगळं ठीक झालं असं नाही. खोडकर पोरं मधल्या सुट्टीत अजून त्याची वेणी ओढत. तपासणीच्या दिवशी मास्तर त्याला कुठं दडवणार होते ते त्यांनाच ठाऊक. दौलत बायकोशी बोलू लागला होता, पण रखमा देवळासमोरून गेली की कुशाबा भगत अजून तिला हटकायचा, आणि रात्री पोराच्या कपाळाला हात लावून बघितल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

पण रोजची वाट तीच होती. त्या सकाळी टोपली भरून ती पडवीपाशी आली आणि थांबली. बरेच दिवस ती तिथून मुक्यानंच जात होती. आत पाढे चालले होते. तिला वाटलं, नको. पोराला परत खाली मान घालायला लावायची नको. मग तिला सासूचा तो चेहरा आठवला, मासा खाली ठेवतानाचा. तिनं टोपली सरळ केली, छाती भरून घेतली आणि सगळ्या वरळीला ऐकू जाईल अशी आरोळी दिली.

"म्हावरं घ्या गो, म्हावरं."

पाढे थांबले. कठड्यातून मधल्या गोणपाटावरचा माथा वर आला. नाकात ठिणगी लुकलुकली.

"ताजं, ताजं, ताजं."

आणि दाराच्या अंगानं मालनचा आवाज त्यात मिसळला. मग भिंतीकडून एकाचा, जो कालपर्यंत वेणी ओढत होता. त्याचीही आई टोपलीच वाहत होती. छडी आपटल्याचा आवाज काही आला नाही. रखमा चालू लागली. मागून मास्तरांचा आवाज आला, पाढ्यातलाच, पण जरा घाईचा:

"अगो बाई, सरंगा असला तर आमच्याकडे टाकून जा."

ती वळली नाही. बघते, एवढंच म्हणाली, आणि प्रभादेवीच्या रस्त्याला लागली.